शब्दाची पोच

डॉक्टर रुबीना मुजावर यांनी टेबलावर एक पांढरा कप ठेवला, हात मांडीवर घेतले आणि ओठ मिटले. चाचणीचा नियमच तसा होता. रुग्ण बोलत असताना परीक्षकाने मान डोलवायची नाही, हसायचे नाही, तोंडातून आवाज काढायचा नाही. समोरच्याच्या चेहऱ्यावरून रुग्ण उत्तराचा माग काढतात, आणि मग जे बोलले गेले ते नेमके कोणाचे, हे सांगता येत नाही. मिरजेच्या त्या वाचा-पुनर्वसन केंद्रातल्या सगळ्याच खोल्या अशा बंदिस्त होत्या. भिंतींना जाड अस्तर, खिडक्यांना न उघडणाऱ्या दुहेरी काचा, आणि आत इतकी शांतता की माणसाला स्वतःच्या श्वासाचाही संकोच वाटावा.

पद्मजाबाई शेडबाळे यांनी कपाकडे पाहिले.

"खिडकी," त्या म्हणाल्या.

डॉक्टर निश्चल बसून राहिल्या.

"खिडकी." थोड्या वेळाने पुन्हा, "खिडकी." आणि मग बराच वेळ गेल्यावर, खोल विहिरीतून बादली वर यावी तसा तोच शब्द पुन्हा वर आला, "खिडकी."

त्यानंतर काहीच नाही. त्यांचे डोळे मात्र कपावरून डॉक्टरांकडे, डॉक्टरांकडून भिंतीपाशी बसलेल्या मुलाकडे फिरत राहिले. त्या डोळ्यांत गोंधळ नव्हता. त्यांत राग होता, आणि श्रेयांसला तो राग ओळखीचा वाटला. वर्गात कोणी न शिकता उत्तर ठोकून दिले की आई अशीच पाहत असे.

बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाल्या, "श्रेयांस, मी आडपडदा ठेवत नाही. शुक्रवारी आमच्या समितीची बैठक आहे. तोवर सुधारणा दिसली नाही, तर सेतू काढावा लागेल. उपयोग नसताना तो आत ठेवला की मेंदूला सूज येते. आणि एकदा काढला की पुन्हा बसवता येत नाही."

"म्हणजे मग आई…"

"समजेल त्यांना सगळं. आत्ताही समजतं. पण बोलणं नाही. कधीच नाही."

श्रेयांसने मान हलवली. त्याला खूप काही विचारायचे होते. पण प्रश्न घशापर्यंत येऊन माघारी फिरणे, ही त्याच्या बाबतीत नित्याची गोष्ट होती.

सेतू म्हणजे चिंचोक्याच्या सालीएवढे दोन पापुद्रे आणि त्यांना जोडणारा एक तंतू. माणसाच्या मेंदूत अर्थ एका काठावर आकार घेतो आणि जीभ, ओठ, स्वरयंत्र यांचे लगाम दुसऱ्या काठावर असतात. पक्षाघाताने श्रेयांसच्या आईच्या मेंदूत या दोहोंमधला प्रदेश जळून गेला होता. शब्द अलीकडे तयार होत आणि तिथेच उभे राहत. सेतूचा पहिला पापुद्रा तयार झालेल्या शब्दाची खूण टिपत असे, तिची लहान पुडकी बांधत असे, आणि तंतूवरून ती पलीकडच्या पापुद्र्याकडे पाठवत असे. बेभरवशाच्या वाटेवरून निरोप कसा पाठवावा, हा प्रश्न सेतूच्या निर्मात्यांना नव्याने सोडवावा लागला नाही. जुन्या इंटरनेटने तो कधीच सोडवून ठेवला होता. म्हणून कवटीच्या आत, रक्ताच्या उबेत, तीच जुनी आद्याक्षरे पुन्हा नांदू लागली. टीसीपी म्हणजे ट्रान्समिशन कंट्रोल प्रोटोकॉल, पाठवण्यावर ताबा ठेवण्याची रीत. ही रीत प्रत्येक पुडक्याला क्रमांक देते, ते पाठवते, आणि पलीकडून पोच येण्याची वाट पाहते. त्या पोचेला अ‍ॅक म्हणतात. पोच आली नाही, तर तेच पुडके पुन्हा पाठवले जाते. तिची धाकटी बहीण यूडीपी, म्हणजे युजर डेटाग्राम प्रोटोकॉल. ती पुडके फेकते आणि मागे वळून पाहत नाही. पोचले तर पोचले. रुग्णाचा शब्द वाटेत हरवू नये, म्हणून सेतूत पहिली रीत बसवलेली असे.

दैवाची थट्टा अशी, की हे सारे पद्मजाबाईंनी आयुष्यभर शिकवले होते.

इचलकरंजीच्या एका तंत्रनिकेतनात त्या नेटवर्किंग शिकवत. मागावरच्या कामगारांची, सूत-व्यापाऱ्यांची, उसाच्या पट्ट्यातली मुले त्यांच्यापुढे येऊन बसत आणि सुरुवातीला आद्याक्षरांना घाबरत. "आद्याक्षरं ही गाठोडी असतात," त्या सांगत. "ज्याला सोडता येत नाही, त्यानं उचलायचं नाही." त्यांच्या तोंडी परीक्षेत नुसते डीएनएस म्हणून सुटका नसे. डोमेन नेम सिस्टिम हे पूर्ण नाव सांगायचे, मग मराठीत अर्थ, मग घरातले उदाहरण. एका मुलाने सांगितले होते, "बाई, कोपऱ्यावरच्या पानवाल्याला नाव सांगितलं की तो घर नंबर सांगतोय, तसं ते." त्याला पैकीच्या पैकी गुण मिळाले. डीएचसीपी, डायनॅमिक होस्ट कॉन्फिगरेशन प्रोटोकॉल, म्हणजे लग्नाच्या कार्यालयात पाहुण्याला दोन दिवसांपुरती मिळणारी खोलीची किल्ली. आणि टीटीएल, टाइम टू लिव्ह, समजावताना त्यांचा आवाज नकळत मृदू होई. प्रत्येक पुडक्याच्या कपाळी काही थोडक्या नाक्यांचे आयुष्य लिहिलेले असते, दर नाक्यावर ते एकाने घटते, आणि शून्यावर आले की पुडके तिथेच विरते. हरवलेल्याने कायम भटकत राहू नये म्हणून केलेली ही सोय आहे, असे त्या म्हणत आणि क्षणभर खडू हातात धरून उभ्या राहत.

घरी मात्र त्यांना असा वर्ग मिळाला नाही. श्रेयांसचे वडील गेल्यावर घरात दोघेच उरले. श्रेयांस कृष्णेच्या कालव्यांवरील दारांचे जाळे सांभाळत असे. कोणते दार कधी उघडावे, कुठे पाणी किती सोडावे, हे सारे पडद्यावरून चाले आणि दिवसचे दिवस त्याला कोणाशी बोलावे लागत नसे. आई जेवताना बोलत राही, तो ऐकत राही. तो खरोखर ऐकत असे. तिच्या आवाजातले चढउतार त्याला पाठ होते. फक्त उत्तर म्हणून तो मान हलवी. "भिंतीशी बोलले असते, तर भिंतीनं निदान आवाज परत तरी दिला असता," असे आई म्हणे, आणि तो त्यावरही मान हलवून हसे.

बुधवारी जयसिंगपूरहून त्रिशलामावशी आली. आईची धाकटी बहीण. ती खोलीत तासभर बसली आणि बाहेर आली ती तरातरा चालत, थेट डॉक्टर मुजावरांच्या दारात. श्रेयांस तिच्या मागे ओढला गेला.

"बोलली की माझ्याशी!" मावशीने जाहीर केले. "कोण म्हणतंय बोलत नाही म्हणून?"

"काय बोलल्या?" डॉक्टरांनी विचारले.

"आधी आपलं खिडकी, खिडकी करत होती. मी म्हटलं, हं, हं गं, खिडकीचं काय? तर म्हणाली, उघड, गुदमरतंय. मी उठून बघितली तर ती मेली उघडतच नाही, नुसती काच! मग म्हणाली, त्रिशला, केसांना काय फासलंयस? साठीला आलीस की गं!" मावशीने आपल्या काळ्याभोर केसांवरून हात फिरवला. "आता मला सांगा, हे मी मनानं रचीन होय? स्वतःचीच फजिती?"

डॉक्टर हसल्या, पण ते हसणे सवयीचे होते. "मावशी, रागावू नका. जवळच्या माणसांना असं ऐकू येतं. रुग्ण एक शब्द बोलतो आणि आपलं मन बाकीचं वाक्य पुरं करतं. मी स्वतः माझ्या अब्बांच्या वेळी हे अनुभवलंय."

"म्हणजे मी खुळी?"

"तसं नाही हो. पण आज सकाळीच मी पुन्हा चाचणी घेतली. एकच शब्द, पुन्हा पुन्हा. समितीपुढे मला तेच मांडावं लागेल. खोल्यांमधलं खासगी बोलणं आम्ही ध्वनिमुद्रित करत नाही, त्यामुळे तुमचं म्हणणं पडताळणार कसं?"

मावशी बाहेर आली तेव्हा तिचे डोळे भरले होते. "तू तरी विश्वास ठेव रे," ती श्रेयांसला म्हणाली.

श्रेयांसने मान हलवली.

"मान काय हलवतोस नंदीबैलासारखी? हो म्हण, नाहीतर नाही म्हण! तुझ्याशी बोलायचं म्हणजे माणसानं तुझ्या तोंडाकडंच बघत बसायचं का?"

त्याच्या मनात त्या क्षणी एक क्षुद्र दुःख उमटले होते, आणि त्याची त्याला लाज वाटत होती. आई मावशीशी बोलली हे खरे असेल, तर मग ती माझ्याशी का बोलत नाही?

गुरुवारी दुपारी तो आईजवळ बसला होता. काचेपलीकडे ऊन पांढरे झाले होते आणि निलगिरीची पाने आवाज न करता हलत होती. उद्या या वेळेपर्यंत निर्णय झालेला असणार. आईला हे माहीत होते का? माहीत असावे. ती त्याच्याकडे एकटक पाहत होती.

"श्रेयांस," आई म्हणाली.

त्याने मान हलवली.

"श्रेयांस."

त्याने तिचा हात हातात घेतला, पुन्हा मान हलवली. आपण आहोत, ऐकतो आहोत, हे त्याला त्या स्पर्शातून सांगायचे होते.

काही क्षण गेले. "श्रेयांस."

आता बरेच क्षण गेले. तो पानांकडे पाहत होता. "श्रेयांस."

शांतता. पानांवरून त्याची नजर हटली. दुसऱ्याच कशाने तरी त्याचे लक्ष खेचून घेतले होते, आणि ते काय हे उमगायला त्याला थोडा वेळ लागला. शब्दांपेक्षा शब्दांमधल्या मोकळ्या जागा ऐकण्यात त्याचे आयुष्य गेले होते. त्या जागा वाढत होत्या. दमलेल्या माणसाच्या वाढतात तशा कशाही नव्हेत. प्रत्येक जागा आधीच्या जागेच्या बरोबर दुप्पट होती.

हे त्याने पाहिले होते. गेल्या उन्हाळ्यात एका कालव्याच्या दाराची परतीची तार उंदरांनी कुरतडली होती. हुकूम दारापर्यंत पोचत होता, दार उघडतही होते, पण उघडल्याची पोच माघारी येत नव्हती. यंत्रणा बिचारी तोच हुकूम पुन्हा पाठवी. एकदा पाठवून थांबे, मग दुप्पट थांबे, मग त्याच्या दुप्पट, कारण वाट आधीच तुंबलेली असेल तर तिच्यावर आणखी भार टाकू नये, अशी टीसीपीची रीत. शेवटी ती थकून गप्प होई आणि पुढच्या वेळी पुन्हा त्याच हुकमापासून सुरुवात करी. क्रम मोडायची तिला मुभा नसते. पुढचे पुडके पोचल्याची खात्री होईपर्यंत मागचे हलत नाही.

म्हणजे खिडकी हा कपाचा चुकलेला शब्द नव्हता. कप मागे रांगेत अडकून पडला होता.

रोगाला दुपटीचा पाढा येत नाही. हा रोग नव्हता. आईचा शब्द जात होता, पलीकडे उतरत होता, जिभेवर येत होता, आणि सेतूला ते कळत नव्हते. पोच कुठेतरी हरवत होती. मावशीजवळ ती हरवली नाही. मावशीने असे काय केले, जे डॉक्टर करत नाहीत आणि आपणही करत नाही?

आधी आपलं खिडकी, खिडकी करत होती. मी म्हटलं, हं, हं गं.

"श्रेयांस," आई म्हणाली. रांगेतला पहिला शब्द पुन्हा दारात आला होता.

त्याने तोंड उघडले. इतका लहान आवाज, आणि तोही घशात अडखळला. लहानपणी आई गोष्ट सांगायची तेव्हा हुंकार द्यावा लागे, नाहीतर ती गोष्ट थांबवून दिवा मालवी. तो कित्येकदा जागा असूनही हुंकार देत नसे आणि गोष्ट अर्धीच राही.

"हं," तो म्हणाला.

"शर्ट," आई म्हणाली.

"हं."

"उलटा."

"हं?"

"घातलायस."

त्याने खाली पाहिले. शिवणी बाहेर आल्या होत्या, गळ्यापाशी कंपनीची चिठ्ठी लोंबत होती. सकाळपासून तो असाच केंद्रभर फिरला होता. त्याला हसू आले, आणि हसता हसता त्याचे डोळे कधी वाहू लागले ते त्याला कळले नाही.

"हं," तो नाकातून म्हणाला. "हं. बोल."

"ही… बाई," आई म्हणाली, आणि तो प्रत्येक शब्दामागे हं म्हणत गेला. "मला… कप… दाखवते. कप… आहे… हे… मला… दिसत… नाही… होय?"

जिना उतरताना त्याने मनातल्या मनात तीन वाक्ये जुळवली. डॉक्टरांच्या दारात पोचेपर्यंत त्यांतली दोन विसरली. उरलेले एकच तो बोलला, आणि ते जुळवलेले नव्हते.

"डॉक्टर, चूक आईची नाही. आपण तिला उत्तर देत नाही."

मग मात्र तो बोलत राहिला. कालव्याचे दार, कुरतडलेली तार, दुपटीच्या जागा, मावशीचा हं. डॉक्टर मुजावरांनी त्याला मध्ये तोडले नाही. तो थांबल्यावर त्या खुर्चीतून उठल्या, खिडकीशी गेल्या, परत आल्या.

"आपण बोलतो तेव्हा," त्या सावकाश म्हणाल्या, "मेंदू आपला स्वतःचा आवाज दाबून टाकतो. मुद्दाम. नाहीतर स्वतःच्याच बोलण्यानं कान भरून जातील. दाबूनही जो थोडा उरतो, तोच सेतू पोच म्हणून घेतो. शब्द तोंडातून बाहेर पडला, कानानं तो ऐकला, म्हणजे पोचला. आमच्या सगळ्या रुग्णांत तेवढा उरतो."

"आईत उरला नसेल."

"पक्षाघातानं तोही गेला असेल. पण दुसऱ्याचा आवाज मेंदू दाबत नाही. तो त्याच जागी, पुऱ्या ताकदीनं उतरतो. आणि सेतूला कुणाचा आवाज हे कळत नाही. त्याला पोच आली एवढंच कळतं." त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे मी नियमानं तोंड मिटून बसत होते, तेच…"

"नियम होता," श्रेयांस म्हणाला.

"आमच्यापैकी एकाच्याही मनात हे आलं नाही. आम्ही सगळे शहाणे, गप्प बसायलाच शिकलेले." त्यांनी टेबलावरचा कप उचलला. "चला."

आईसमोर कप ठेवून डॉक्टर खुर्चीच्या कडेवर बसल्या. "हे काय आहे, पद्मजाबाई?"

"कप," आई म्हणाली.

"हं," डॉक्टर म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी चाचणीत तोंड उघडले असावे.

"बशी."

"हं."

"कुठाय?"

डॉक्टर मुजावर खळखळून हसल्या, आणि त्या बंदिस्त खोलीच्या अस्तरालाही ते हसणे पुरते गिळता आले नाही.

सेतू काढण्याचा प्रश्न त्याच दुपारी मिटला. पण त्याच्या जागी दुसरा उभा राहिला. सेतूची रीत आता, शब्द नुकतेच वाहू लागले असताना, एकदाच बदलता येणार होती. पुढच्या काही दिवसांत मेंदू त्या रीतीभोवती स्वतःला घडवून घेतो, आणि मग ती बदलणे म्हणजे शिकलेले सगळे पुसणे. टीसीपी ठेवावी, तर एकही शब्द हरवणार नाही, पण समोर हं म्हणणारे कोणी असेल तरच आईला बोलता येईल. यूडीपी बसवावी, तर तिला कोणाच्याही पोचेची गरज उरणार नाही. ती कधीही, कुठेही, एकटीसुद्धा बोलेल, पण काही शब्द वाटेत सांडतील आणि ते सांडल्याचे तिलाच कळणार नाही.

तिसरा मार्गही त्यांनी करून पाहिला. कानामागे बसणारे एक यंत्र लावले, जे प्रत्येक शब्दानंतर आपोआप हं म्हणे. आई त्यावर भराभर बोलू लागली. थोड्याच वेळात तिने हाताने ते काढून टेबलावर ठेवले.

"का हो?" डॉक्टरांनी विचारले. "हं?"

"कुणीतरी ऐकतंय… असं वाटतं," आई श्रेयांसच्या हुंकारांवर पावले टाकत म्हणाली. "आणि… कुणी… नसतं. नको."

संध्याकाळी त्रिशलामावशी आली. तिला सारे समजावून सांगितल्यावर तिने पहिल्यांदा डॉक्टरांकडे पाहून "बघा!" असे म्हणून घेतले, मग निकाल दिला. "हाय ते राहू दे. एक शब्द सांडायला नको. आम्ही म्हणू की हं, त्यात काय तोंड झिजतंय?"

श्रेयांसलाही तेच हवे होते. का हवे होते, हे तो कोणाला सांगू शकला नसता. दुपारपासून आईचा प्रत्येक शब्द त्याच्या हुंकारावर उमलत होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याचे तिथे असणे कोणाला तरी ऐकू येत होते. ते इतक्या लवकर सुटून जावे, असे त्याला वाटेना.

डॉक्टर म्हणाल्या, "वैद्यकीय दृष्टीनंही टीसीपीच सुरक्षित. उद्या पद्मजाबाई म्हणाल्या, हे औषध मला चालत नाही, आणि त्यातला 'नाही' सांडला, तर?"

"बाईंनाच विचारू या," श्रेयांस म्हणाला, आणि त्याचे त्यालाच आश्चर्य वाटले. "हा विषय त्यांचा आहे."

आईने तिघांकडे पाहिले. खडू हातात घेऊन वर्गाकडे वळावे तशी ती ताठ झाली.

"आवाजाला," ती म्हणाली.

"हं," श्रेयांस म्हणाला.

"यूडीपी. जुन्या फोनलाही… तेच. उशिरा आलेला शब्द… बोलण्यात… कामाचा नसतो."

"पण ताई," मावशी म्हणाली, "सांडले तर?"

"सांडू देत."

"आणि औषधाचं?" डॉक्टरांनी विचारले.

"मग… परत विचारा. तोंड… आहे ना… तुम्हाला?"

श्रेयांसने हं म्हणायला ओठ विलगले, पण त्याआधीच तो एक प्रश्न विचारून बसला. "आई, आम्ही हं म्हणू की. मी म्हणेन. मला त्रास नाही त्याचा."

तिने त्याच्याकडे बराच वेळ पाहिले. त्याच्या मनातले तिला दिसले असावे. तिच्या नजरेत तो जुना मृदूपणा आला, हरवलेल्या पुडक्यांविषयी बोलताना येई तसा.

"माहितीय," ती म्हणाली. "पण मला… त्रिशलाशी… भांडायचंय."

"आं?" मावशी म्हणाली.

"भांडताना… समोरचा… हं म्हणतो का?"

मावशी पदराने तोंड झाकून हसू लागली. डॉक्टरही हसल्या. श्रेयांस हसला नाही. त्याला एकाएकी समजले की आईने त्याच्याकडून काहीच काढून घेतलेले नाही. तिला फक्त कोणाच्या होकारावाचून बोलायचे होते. रागवायचे होते, स्वतःशी पुटपुटायचे होते, कोणी ऐकत नसताना चुकीचे काहीतरी म्हणायचे होते. जिवंत माणसाला एवढे तरी मिळायला हवे.

"हं," तो म्हणाला. या वेळी तो हुंकार सेतूसाठी नव्हता.

शुक्रवारच्या बैठकीत समितीने काही वेळ कुरकुर केली आणि मग मान्यता दिली. शनिवारी सकाळी रीत बदलली गेली. डॉक्टरांनी सांगितले की बदल मुरायला थोडा वेळ लागेल, आईला एकटीला पडू द्या. श्रेयांस खाली जाऊन घरी सोडण्याच्या कागदांवर सह्या करून आला. वर येताना त्याने पावले हळू टाकली. ती झोपली असेल.

दार किलकिले होते. आत ती बोलत होती.

खोलीत कोणी नव्हते. आई खाटेच्या कडेला बसून पिशवीत हात घालून काहीतरी शोधत होती आणि स्वतःशी बोलत होती. कितीतरी महिन्यांनी ती अशी, कोणालाही उद्देशून नसलेले, बोलत होती. मधूनच एखाद्या शब्दाची जागा रिकामी राही, दात पडलेल्या ठिकाणी जीभ जावी तशी, आणि ती न अडखळता पुढे जाई.

"इथंच ठेवला होता… कुठं गेला? त्रिशलानं नेला असणार. तिला कधी… कळायचं नाही. आणि ही काच. माणसांना काय लोणच्याच्या… ठेवतात का असं बंद करून?"

श्रेयांस दाराबाहेर उभा राहिला. त्याने ओठ घट्ट मिटले होते, आणि त्याच्या मिटल्या ओठांनी कोणाचाही शब्द अडत नव्हता. आठवड्याभराचा ताण त्याच्या खांद्यांवरून उतरत गेला. त्याला वाटले, इथे असेच उभे राहावे, ऐकत राहावे, न बोलता. आता ते करायला मोकळीक होती.

"श्रेयांस आला की," आत आई म्हणाली, "त्याला… सांगायलाच हवं. आजच. घरी जायच्या आधी."

नेमका तोच शब्द सांडला होता. काय सांगायला हवे, ते तेवढ्या रिकाम्या जागेत राहून गेले होते, आणि ते हरवल्याचे तिला माहीत नव्हते. तो क्षणभर वाट पाहत राहिला. हा शब्द पुन्हा येणार नव्हता. नवी रीत काही परत पाठवत नसे.

त्याने दार ढकलले.

"काय सांगायचंय मला?" त्याने विचारले.

आई दचकली. पिशवी मांडीवरून घसरली. मग कमरेवर हात ठेवून तिने त्याच्याकडे पाहिले.

"दाराआड उभा राहून चोरून ऐकतोस होय रे?" ती म्हणाली, आणि त्या वाक्यातला एकही शब्द सांडला नाही.